कोंबड्यांची बोली आणि त्यांचे स्वभाव

अतिपरिचयानें अवज्ञा होते, हें माणसांच्या बाबतींत जितकें खरें आहे तितकेंच तें प्राण्यांच्या बाबतींतहि खरें आहे. रानांत मोर दिसला तर आपण वाट चालावयाचें थांबून त्याच्याकडे पाहत राहतों. कोकिळेचा स्वर कानीं पडला तर हातांतलें काम बाजूस ठेवून ऐकतों. परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्याच परसांत वावरणाऱ्या कोंबडीकडे मान वळवून पाहण्याची आपणांस इच्छा होत नाहीं. ती उकिरडा उकरते, अंडें देते, आणि घरीं पाहुणा आला म्हणजे ताटांत येते. याहून अधिक तिची ओळख असूं शकेल असें आपल्या मनांतहि येत नाहीं. तिच्या ओरडण्याला आपण कलकलाट म्हणतों आणि खिडकी लावून घेतों.

या कलकलाटाचा अर्थ काय, आणि एका कोंबडीचा स्वभाव दुसरीसारखा कां नसतो, हें आमच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना थोडक्यांत सांगावें असा या लेखाचा हेतु आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मला तो सुचला माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें. म्हणून प्रथम ती चूकच सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं मी दुपारच्या वेळीं पडवींत बसून परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत होतों. मागच्या परसांत आमच्या कोंबड्यानें एकाएकीं ओरडण्यास आरंभ केला. कट्-कट्-कट्-कटाक्, कट्-कट्-कट्-कटाक्, असा तो थांबेचना. पाठोपाठ कोंबड्यांनींहि तोच सूर धरला. माझें लक्ष विचलित झालें, राग आला, आणि मीं जागेवरूनच "हाट् हाट्" करून एक खडा त्या दिशेला भिरकावला. थोड्या वेळानें आवाज बंद झाला. सायंकाळीं खुराडें लावण्याकरितां गेलों तेव्हां नऊ पिलांपैकीं चारच उरलीं होतीं. कुंपणाखालून मुंगूस आलें होतें. माझी धाकटी मुलगी तेव्हां सात वर्षांची होती. तिनें एवढेंच विचारलें, "बाबा, तो सांगत होता ना? मग तुम्हीं ऐकलें कां नाहीं?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. कोंबडा आपलें काम चोख करीत होता. चुकलों तो मी. त्या दिवसापासून मीं कोंबड्यांचें बोलणें ऐकावयास व त्यांच्याविषयीं विद्वानांनीं जें लिहिलें आहे तें वाचावयास प्रारंभ केला.

आपली पाळीव कोंबडी ही मूळची रानांतली. हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा तांबडा रानकोंबडा हा तिचा पूर्वज होय. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें पाळीव कोंबडीचीं निःसंशय अशीं सर्वांत जुनीं हाडें मध्य थायलंडांतील बान नॉन वाट या ठिकाणीं सांपडलीं असून तीं इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतील आहेत. आपल्या सह्याद्रीच्या रानांत जो करड्या रंगाचा रानकोंबडा आढळतो त्याचाहि या वंशांत थोडा वांटा आहे. पुष्कळ पाळीव कोंबड्यांच्या पायांची कातडी पिवळी असते. हा पिवळेपणा त्या करड्या रानकोंबड्याकडून आला असें २००८ सालीं सिद्ध करण्यांत आलें.

हें मूळ ध्यानांत घेतलें म्हणजे कोंबडी इतकी कां बोलते याचा उलगडा होतो. दाट झुडपांत चरणाऱ्या कळपाला एकमेकांचे देह क्वचितच दिसतात. माळेचे मणी जसे दोऱ्यानें, तसा हा कळप आवाजानें एकत्र बांधलेला असतो. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ निकोलस कोलियास यांनीं १९८७ सालीं तांबड्या रानकोंबड्यांच्या आवाजांची जी नोंद प्रसिद्ध केली तींत सुमारें २४ निरनिराळे आवाज आहेत. आपल्या परसांतल्या कोंबड्यांची बोली बहुतांशीं तीच आहे.

या बोलीचा आरंभ अंड्यांतच होतो. कोंबडी २१ दिवस अंडीं उबविते. कवच फुटण्याच्या सुमारें एक दिवस आधीं पिलूं आंतूनच चिंवचिंव करूं लागतें, आणि आई हलक्या घोगऱ्या स्वरानें त्याला उत्तर देते. म्हणजे परस्परांचें दर्शन होण्यापूर्वींच मायलेंकरांची बोलाचाली झालेली असते. पिलूं बाहेर आल्यावर त्याचे दोन आवाज आपणांस सहज ओळखतां येतात. ऊब मिळाली, पोट भरलें, आई जवळ आहे, अशा वेळीं तें बारीक, तुटक आणि चढत जाणारा आवाज काढतें. वाट चुकली, थंडी वाजली, भय वाटलें, म्हणजे त्याचा आवाज मोठा होतो व वरून खालीं उतरत येतो. पुढील वेळीं पिलें पाहाल तेव्हां डोळे मिटून हा भेद ऐका. एका दिवसांत तो तुमच्या कानांत बसेल.

आई पिलाला ओळखते ती प्रामुख्यानें कानानेंच. जर्मन अभ्यासक ब्रुकनर यांनीं १९३३ सालीं याविषयीं एक साधा प्रयोग वर्णिला आहे. पिलाला आडपडद्यामागें दिसणार नाहीं अशा रीतीनें बांधून ठेविलें, तर त्याची आर्त हांक ऐकून आई धांवत गेली. तेंच पिलूं काचेच्या घंटेखालीं डोळ्यांसमोर तडफडत ठेविलें, पण आवाज बाहेर येऊं दिला नाहीं, तर आई तेथेंच स्वस्थपणें दाणे टिपीत राहिली. यावरून कोंबडी निष्ठुर आहे असें कोणी म्हणूं नये. तिच्या जगांत संकट हें दिसण्यापूर्वीं ऐकूं येतें, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडांतील ब्रिस्टल विद्यापीठांत २०११ सालीं पिलांवर, इजा होणार नाहीं अशा बेतानें, हवेचा झोत सोडून आयांची परीक्षा करण्यांत आली. पिलें अस्वस्थ झालेलीं पाहतांच आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती ताठ उभी राहिली आणि पिलांना बोलावूं लागली. झोत तिच्या अंगावर आला नव्हता. तरी त्याचा परिणाम तिच्या देहावर झाला. प्रभु येशूनें यरुशलेमविषयींची आपली कळकळ व्यक्त करतांना पिलांना पंखांखालीं गोळा करणाऱ्या कोंबडीचाच दृष्टांत कां निवडला असेल, हें अशा वेळीं नीट समजतें. तो दृष्टांत ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगणांत तें दृश्य नित्य घडत होतें.

आतां मोठ्या कोंबड्यांच्या बोलीकडे वळूं. कोंबड्याला एखादा चांगला किडा किंवा दाणा सांपडला म्हणजे तो स्वतः खाण्याची घाई करीत नाहीं. तो मान वरखालीं करतो, दाणा उचलतो, पुनः खालीं टाकतो आणि टुक्-टुक्-टुक् असा भरभर आवाज काढून कोंबड्यांना बोलावितो. खाद्य जितकें आवडीचें तितकी ही हांक अधिक जोरांत चालते. आणि जवळपास कोंबडी असेल तर ती अधिक वेळां दिली जाते. कांहीं कोंबडे मात्र लबाड असतात. कोंबडी दूर असली म्हणजे पुढें कांहीं नसतांनाहि ते ही हांक देतात, हें पीटर मार्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ च्या सुमारास दाखवून दिलें. आमच्याकडील एका तरुण कोंबड्याला ही खोड होती. प्रथम कोंबड्या धांवत येत. पुढें पुढें त्याच्या हांकेवर कोणी मान वर करीनासें झालें. खोटें बोलणाऱ्याची पत जाण्यास माणसांचाच समाज लागतो असें नाहीं.

सर्वांत महत्त्वाच्या त्या धोक्याच्या हांका. त्या दोन प्रकारच्या आहेत, आणि हाच भेद त्या दुपारीं मला ठाऊक नव्हता. आकाशांत घार किंवा ससाणा दिसला तर कोंबडा एक लांब, बारीक किंकाळी काढतो. मुंगूस, मांजर, कुत्रा, साप असा जमिनीवरील शत्रु दिसला तर तो कट्-कट्-कट्-कटाक् असा तुटक आणि मोठा आवाज पुनःपुन्हां काढतो. ऑस्ट्रेलियांतील ख्रिस्तोफर इव्हान्स यांनीं मार्लर यांच्यासह १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दोन आवाज यंत्रावर मुद्रित करून कोंबड्यांना ऐकविले. तेथें घारहि नव्हती आणि कोल्हाहि नव्हता. केवळ आवाज होता. तरी पहिला आवाज ऐकतांच कोंबड्या आडोशाला धांवल्या, दबून बसल्या व वर पाहूं लागल्या. दुसरा ऐकतांच मान उंच करून ताठ उभ्या राहिल्या व सभोंवार पाहूं लागल्या. अर्थात् हा आवाज म्हणजे केवळ भीतीनें फोडलेला टाहो नव्हे. संकट कोणत्या दिशेचें आहे याची ती बातमी असते. आणखी नवल असें कीं, कोंबडा अगदीं एकटा असला तर ससाण्याची आकृति पाहूनहि तो बहुधा गप्प राहतो. ऐकणारें कोणी असेल तरच तो बोलतो.

तुम्हीं कोंबडीला मान तिरपी करून एका डोळ्यानें आकाश निरखतांना पाहिलें असेल. त्यालाहि कारण आहे. अंड्यांत गर्भ अशा रीतीनें वळलेला असतो कीं त्याचा उजवा डोळा कवचाकडे व डावा स्वतःच्या अंगाकडे येतो. त्यामुळें शेवटच्या दिवसांत कवचांतून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो. ऑस्ट्रेलियांतील लेस्ली रॉजर्स या विदुषींनीं दाखविलें आहे कीं, अशीं पिलें खडे व दाणे यांतील फरक उजव्या डोळ्यानें चांगला ओळखतात आणि ससाण्यावर नजर ठेवण्यास डावा डोळा वापरतात. एका डोळ्यानें जेवावें व दुसऱ्यानें पहारा करावा, अशी ही व्यवस्था आहे.

कोंबड्याच्या आरवण्याविषयीं आपल्या भाषेंत एक प्रसिद्ध म्हण आहे: कोंबडें झांकलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं. या म्हणीची दुसरी बाजू जपानांतील नागोया येथें २०१३ सालीं उघड झाली. शिमुरा व योशिमुरा या शास्त्रज्ञांनीं कोंबड्यांना दिवसरात्र सारख्याच मंद उजेडांत ठेविलें. पहांट केव्हां होते हें त्यांना कळण्याचा मार्गच उरला नाहीं. तरी ते सुमारें चोवीस तासांच्या अंतरानें, आपल्या हिशेबानें पहांट होतांच, आरवत राहिले. म्हणजे कोंबडें झांकलें तरी उजाडावयाचें राहत नाहीं, आणि उजेड झांकला तरी कोंबड्याचें आरवावयाचें राहत नाहीं. घड्याळ त्याच्या देहांतच आहे. त्याच शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं असेंहि दाखविलें कीं, कळपांत अनेक कोंबडे असतील तर प्रथम आरवण्याचा मान सर्वांत वरच्या कोंबड्याचा असतो. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणें त्याच्यामागून आरवतात.

ही पायरी म्हणजे काय, हें एका शाळकरी मुलानें शोधून काढलें. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नॉर्वेमध्यें १८९४ सालीं जन्मलेल्या थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोंचते आणि कोण उलट न टोंचतां बाजूस सरते, हें तो वहींत टिपून ठेवूं लागला. त्या नोंदींतून त्याला दिसलें कीं, कळपांतील प्रत्येक जोडीचा निकाल ठरलेला असतो. क ही ख ला टोंचते, ख ही ग ला टोंचते; उलट कधीं होत नाहीं. कांहीं वेळां चमत्कारिक त्रिकोणहि होतात: क ख ला दाबते, ख ग ला दाबते, आणि ग मात्र क लाच दाबते. मोठेपणीं, १९२२ सालीं, त्यानें हें निरीक्षण जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. आज साऱ्या जगांत माणसांच्या संस्थांविषयीं बोलतांनाहि जो "टोंचण्याचा क्रम" असा शब्दप्रयोग होतो, त्याचें मूळ त्या मुलाच्या वहींत आहे. त्याच्याजवळ दुर्बीण नव्हती कीं प्रयोगशाळा नव्हती. धीर होता आणि पेन्सिल होती.

हा क्रम एकदां लागला म्हणजे कळपांत शांतता नांदते. नुसती मान उगारली तरी काम भागतें. परंतु कळपांत एखादी नवी तलंग आणून सोडा, कीं सर्व हिशेब पुनः मांडावे लागतात आणि त्याचा बहुतेक भार त्या एकटीवर पडतो. तिला दाण्याजवळ येऊं देत नाहींत, बसावयाच्या दांड्यावरून खालीं लोटतात, आणि एकदां रक्त दिसलें म्हणजे सर्वजणी तेथेंच टोंचीत सुटतात. यांत सर्वांत त्वेषानें टोंचणारी बहुधा सर्वांत वरची कोंबडी नसते. जी स्वतः कालपर्यंत खालच्या पायरीवर मार खात होती ती असते, असें मीं आमच्या परसांत अनेकदां पाहिलें. हें लिहितांना वर्गांत जून महिन्यांत नव्यानें येणारा विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. कोंबडीला तिचा स्वभाव बदलतां येत नाहीं, म्हणून तिला दोष नाहीं. आम्हांला तो बदलतां येतो, म्हणून आम्हांला सबब नाहीं.

आतां स्वभावाविषयीं थोडेंसें. पायरी निराळी आणि स्वभाव निराळा. आमच्याकडे सध्यां चार कोंबड्या आहेत. तांबडी ही सर्वांत वरची, पण ती फारसें बोलत नाहीं. दाणे टाकतांच सावकाश येते आणि तिला वाट मिळते. मोरी भित्री, तिच्या अंगावर पान पडलें तरी ती किंचाळते, आणि म्हणूनच खरें संकटहि प्रथम तिलाच दिसतें. काळी चौकस आहे. नवी टोपली, नवा दगड, धुण्याची बादली, कांहींहि दिसलें तरी ती चोंच लावून पाहिल्याशिवाय राहत नाहीं. टिकली वर्षांतून दोनतीन वेळां खुडूक होते. मग तिच्याखालीं अंडें असो वा नसो, ती जागची हलत नाहीं, आणि हात लावूं गेल्यास अंग फुलवून गुरगुरते. अंडें दिल्यावर घरट्याबाहेर येऊन मोठ्यानें ओरडण्याची रीत चौघींचीहि आहे. पण काळी दोन मिनिटांत थांबते आणि मोरीचें ओरडणें शेजारच्या आळीपर्यंत पोंचतें. हे भेद केवळ माझ्या कौतुकाचे नव्हेत. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठांत हान्ने लोव्ली व त्यांचे सहकारी कोंबड्यांच्या धीटपणाचें, चपळपणाचें व भित्रेपणाचें पद्धतशीर मापन करीत आले आहेत. एकाच वातावरणांत वाढलेल्या पक्ष्यांतहि असे भेद आढळतात.

बुद्धीविषयीं एकच उदाहरण देतों. इटलींतील रोझा रुगानी, जॉर्जिओ वालोर्तिगारा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं अवघ्या कांहीं दिवसांच्या पिलांसमोर सारख्या वस्तु दोन पडद्यांमागें लपविल्या आणि मग पिलांच्या देखत कांहीं वस्तु एका पडद्यामागून दुसऱ्या पडद्यामागें नेल्या. शेवटीं जेथें अधिक वस्तु होत्या त्याच पडद्याकडे पिलें बहुधा गेलीं. ज्यांना कोणीं पाढे शिकविले नाहींत त्यांनीं बेरीजवजाबाकी केली, असें म्हणावयास हरकत नाहीं. तथापि अतिशयोक्तीहि नको. कोंबडी माणसासारखा विचार करीत नाहीं, आणि तिच्या आवाजांना आपल्या भाषेचें व्याकरण नाहीं. ती माणूस नाहीं. पण दगडहि नाहीं, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ज्या घरीं कोंबड्या आहेत त्या घरच्या पालकांकरितां कांहीं सूचना करून हा लेख आटोपतों. दाणा व पाणी एकाच भांड्यांत न ठेवतां दोनतीन ठिकाणीं ठेवावें. म्हणजे खालच्या पायरीवरील कोंबडी उपाशी राहत नाहीं. नवा पक्षी आणल्यास त्याला कांहीं दिवस निराळें ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी, मग जाळीपलीकडून इतरांना दिसेल असें ठेवावें, आणि शेवटीं काळोख पडल्यावर दांड्यावर इतरांशेजारीं बसवावें. शक्य असल्यास एक न आणतां दोन आणावे. जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा. अंडीं देण्यास काळोखी व निवांत जागा असावी. आणि बाजाराला नेतांना कोंबड्यांचे पाय बांधून त्यांना सायकलीच्या दांड्याला उलट्या टांगूं नये. प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशा रीतीनें त्यांची नेआण करणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरीहि तो अपराधच होता. ज्या प्राण्याचें आपण खातों त्याचे हाल न करणें ही कमीत कमी कृतज्ञता होय.

विद्यार्थिमित्रांना माझें एकच सांगणें आहे. या सुटींत एक लहान वही घ्या, आणि आपल्या किंवा शेजाऱ्याच्या परसांत रोज अर्धा तास बसा. कोण प्रथम दाणा खातें, कोण कोणाला वाट देतें, कोणता आवाज ऐकून कळप वर पाहतो व कोणता ऐकून सभोंवार पाहतो, हें तारीखवार टिपा. पंधरा दिवसांत तुम्हांला प्रत्येक कोंबडी निराळी दिसूं लागेल.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मी पडवींत वाचीत बसलों होतों. परसांतून कट्-कट्-कट्-कटाक् असा आवाज आला. मी पुस्तक खालीं ठेवण्यापूर्वींच आमची मुलगी स्वयंपाकघरांतून "बाबा, जमिनीवरचें आहे!" असें म्हणत कांठी घेऊन मागच्या दारानें बाहेर धांवली होती. खुराड्याच्या कोपऱ्याशीं मुंगूस होतें. कांठी आपटतांच तें कुंपणाखालून निसटलें. टिकलीनें पिलांना पंखांखालीं घेतलें होतें. आम्हीं दोघांनीं तीं मोजलीं. आठ होतीं, आठहि होतीं.